गोविंदा येईपर्यंत

१४ नोव्हेंबर २०२४

गोविंदादादा,

पत्राच्या सुरुवातीला मोठ्यांना नमस्कार लिहायचा असतो. तो मी हौसेने लिहितो आहे, कारण हल्ली गावात मला कुणापुढे वाकू देत नाहीत. परवा सवयीने सुभद्राबाईंच्या पाया पडायला गेलो, तर ती सत्तरी ओलांडलेली म्हातारी दचकून मागे सरली आणि तुळशीच्या ओट्यावर आपटली. तेव्हापासून मी लोकांचे पाय लांबूनच बघतो.

तू माझा नंबर बंद करून ठेवलास ते कळलं. आता चालू केलास तरी उपयोग नाही. माझा फोन किसनरावांच्या कपाटात आहे. भिकाजी महाराजांच्या संस्थानचे अध्यक्ष ते, त्यांच्या शब्दाबाहेर कोण जाणार? "महाराजाले मोबाईल शोभत नाई," म्हणाले. मेहकरच्या स्टँडजवळ टपरीवजा दुकानात बसून लोकांचे मोबाईल दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. तुझा पत्ता तुझ्या बहिणीने दिला. पायल म्हणाली, "दादा वरवट बकालले आत्याच्या गिरणीवर दळण दळून राह्यला, अन् कोनाशी बोलत नाई." म्हणून हे पत्र. आई जानेफळच्या पोस्टात टाकेल.

मागच्या माघातला काल्याचा दिवस तू अर्धाच पाहिलास. उरलेला अर्धा मी सांगतो. सप्ताहात वीणा भुईला टेकवायची नाही, एकाने दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, आणि देताघेताना दोघांनी एकमेकांच्या पायावर डोकं ठेवायचं, हे मला तूच शिकवलंस. त्या सकाळी भिकाजी महाराज स्वतः वीणेच्या पहाऱ्यावर होते. त्यांच्यानंतर पाळी तुझी होती. तू पत्रावळींचे गठ्ठे आणायला मेहकरला गेला होतास आणि येताना तुझी गाडी पंक्चर झाली. मी टाळकऱ्यांना चहा देत मंडपातून चाललो होतो, हातात किटली. महाराजांनी मला खूण केली. त्यांचा चेहरा घामाने भिजला होता. मी जवळ गेलो तर म्हणाले, "हर्षल, धर जरा. गोविंदा येईपर्यंत."

एवढंच म्हणाले. मी किटली खाली ठेवली. त्यांनी वीणा माझ्या गळ्यात घातली, रीतीप्रमाणे वाकून माझ्या पायावर डोकं ठेवलं, मग खांबाला धरून खाली बसले आणि मान टाकली.

मृदंग आणि टाळ जोरात चालू होते. ते शब्द माझ्याशिवाय कुणी ऐकले नाहीत. पाहिलं मात्र सगळ्या गावाने. भिकाजी महाराजांनी आपली वीणा हर्षलच्या गळ्यात घातली, त्याच्या पायावर डोकं ठेवलं आणि देह ठेवला. यात खोटा एकही शब्द नाही, आणि तरी सगळं खोटं आहे.

मग तू आलास. वीणा घ्यायला हात पुढे केलेस आणि किसनरावांनी तुझं मनगट धरलं. "गोविंदा, नको. त्यांनी ज्याच्या गळ्यात घातली त्याच्याच गळ्यात राहू दे." तेव्हा मी ओरडत होतो, दादा. बायकांचा आकांत चालला होता, त्यात माझा आवाज कुठे पोचणार? तुला वाटलं मी गप्प उभा आहे. तू पत्रावळी मंडपाच्या दारातच टाकल्यास आणि मातीलाही थांबला नाहीस. इतकी वर्षं महाराजांची सेवा केलीस, मागे उभं राहून त्यांची चाल उचललीस, आणि त्यांच्या मातीला तू नव्हतास. मला त्याचं फार वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना बसवून खरं सांगितलं. शब्दाला शब्द. किसनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाहा," ते लोकांना म्हणाले, "गादी चालत घरी आली अन् पोरगं म्हनते माही नाई. म्हनूनच महाराजानं याले निवडलं." मी जेवढा नाही म्हणतो तेवढा पक्का होत जातो. आता तर मी नाही म्हटलं की मागून कुणीतरी "धन्य" म्हणतं.

येत्या माघात, काल्याच्या दिवशी, मला रीतसर गादीवर बसवणार आहेत. आपल्या गादीची रीत तुला ठाऊक आहे. बसला तो जन्माचा ब्रह्मचारी, आणि उठला तर तिरडीवरच. त्याआधी तू ये. हात पुढे कर, मी देतो. तुझी वस्तू आहे.

तुझा
किटलीवाला हर्षल

३ डिसेंबर २०२४

गोविंदादादा,

उत्तर नाही. राग असला तरी दोन ओळी शिव्या लिहायला काय हरकत होती? मला हल्ली शिवी फार गोड लागली असती.

इथला एक किस्सा सांगतो. मठाचा अॅम्प्लीफायर बंद पडला होता. मी मागचं झाकण उघडलं, फ्यूज जळला होता, तो बदलला. दुकानात असतो तर गिऱ्हाईक म्हणालं असतं, एवढ्याशा कामाला एवढा वेळ? इथे किसनरावांनी आधी अॅम्प्लीफायरला आणि मग मला हात जोडले. संध्याकाळी हरिपाठाला बोलताना ते म्हणाले, मुकं झालेलं यंत्र महाराजांचा हात लागताच बोलू लागलं. मी मध्येच सांगितलं की फ्यूज होता. लोक हसले, मायेने हसले. लहान मुलाने काही गोड बोलावं तसं.

हसण्यावारी नेतो आहे, पण हसू येत नाही. आई पाया पडते. तीच विमलबाई, जिने मला चिंचेच्या फोकाने झोडपलंय, ती रोज सकाळी अंघोळ करून येते आणि माझ्या पायावर डोकं ठेवते. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "माय, काय करून राह्यली?" ती म्हणाली, "मले बोलू नको. तुह्या बापानं आयुष्यात काई कमावलं नाई, माह्या पोटानं तरी कमावलं." तिला हे नको म्हणू कसं? बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदा ताठ मानेने विहिरीवर जाते. हे पत्रही ती पोस्टात टाकण्याआधी कपाळाला लावणार, बघ.

तू म्हणशील, मग पळ. फाट्यावर मेहकरची बस थांबते, कुणी दोरखंडाने बांधलेलं नाही. खरं आहे. दोनदा मी फाट्यापर्यंत गेलोही. पण मला पळता येत नाही, आणि त्याला कारण महाराजच आहेत.

मी नववीत होतो तेव्हाची गोष्ट तुला माहीत नाही. पहिल्यांदाच मला भरदुपारचा पहारा दिला होता आणि पुढचा पहारेकरी आलाच नाही. पाय थरथरत होते. लघवीला लागली होती. मी रडकुंडीला येऊन महाराजांना म्हटलं, तुम्ही घ्या. त्यांनी घेतली नाही. माझ्याशेजारी येऊन उभे राहिले, सगळी दुपार, स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यांवर. म्हणाले, "थकला तर थकू दे. रडू आलं तर रड. पन खाली ठेवू नको. घेनारा येतेच. तो येईपर्यंत उभं राहनं, यालेच भक्ती म्हनतात. बाकी समदं गानंबजावनं." शेवटी घेणारा आला. त्या दिवसापासून देव आहे की नाही हा प्रश्न मला पडला नाही. शेजारी कुणीतरी उभं होतं, मला तेवढं पुरलं.

आता हेच वाक्य माझ्या मानेवर बसलंय. घेणारा कोण हे महाराजांनी नाव घेऊन सांगितलं आहे. तो येईपर्यंत मी खाली ठेवली, तर त्या दुपारचं सगळं मी स्वतःच खोटं ठरवलं, असं होईल. माझ्याकडे दुसरं आहे काय? बाप लवकर गेला, शिक्षण अर्धवट. मला जे काही खरं म्हणून मिळालं ते त्यांच्याकडून मिळालं.

म्हणून तू ये. माघापर्यंत वेळ आहे, पण फार नाही.

हर्षल

२७ डिसेंबर २०२४

दादा,

मागच्या दोन पत्रांत एक गोष्ट मी लपवली. गादी नको, गादी नको असं लिहीत राहिलो आणि का नको ते सांगितलं नाही. आज सांगतो. वाचून हे पत्र जाळून टाक.

काल एकादशीला दर्शनाची रांग होती. हो, माझ्या दर्शनाची. रांगेत पायल होती, हातात नारळ. जवळ आली आणि हळूच म्हणाली, "काय लावलंय बे हे?"

मी म्हटलं, "लोक आहेत."

"लोकं तर राहनारच. उतर खाली."

"सांगतो मी सगळ्यांना. सांगितलं की पाया पडतात."

ती फसकन हसली. मग तिचे डोळे भरले. "मंग माहं काय?" एवढं म्हणेपर्यंत मागून किसनराव म्हणाले, "बाई, पुढं सरका, मानसं खोळंबली." तिने नारळ ठेवला. मी तिच्या हातावर खडीसाखर ठेवली. दुकानात माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून जी माझ्या डब्यातली भाकर खायची आणि मलाच नावं ठेवायची, तिला मी खडीसाखर दिली, दादा. माझा हात मलाच परका वाटला.

तुझी बहीण आणि मी लग्न करायचं ठरवलं होतं. नर्सिंगच्या कॉलेजातून सुटली की ती दुकानावर यायची. वाईट काही नव्हतं. सप्ताह झाला की आधी तुलाच सांगायचं, असं आमचं ठरलं होतं. ती म्हणायची, दादा एक कानाखाली देईल आणि मग पेढे आणेल. काल्याच्या दिवशी पंगत उठली की मी तुला बाजूला घेणार होतो. किटली घेऊन फिरताना मनात त्याच वाक्यांची जुळवाजुळव चालली होती, महाराजांनी खूण केली तेव्हासुद्धा.

आता ती म्हणते, "काल्यापर्यंत वाट पाहतो. मंग नाई." तिच्याकडे स्थळं येऊन राहिलीत आणि ती नाही म्हणून म्हणून थकली आहे. तुमच्या घरी खरं सांगायची तिला सोय नाही. ज्याच्या पाया तिची आई पडते त्याच्याशी लग्न करायचंय, हे ती कुठल्या तोंडाने सांगणार?

तुला राग येईल. येऊ दे. कानाखाली द्यायला तरी ये. तुझ्या बहिणीसाठी ये, माझ्यासाठी नको.

हर्षल

१८ जानेवारी २०२५

गोविंदादादा,

थंडीने हात आखडलेत, अक्षर समजून घे. दोन गोष्टी घडल्या आणि दोन्हींनी मी घाबरलो आहे.

पहिली सुभद्राबाईंची. त्या ओट्यावर आपटल्यापासून कंबर धरून बसल्या होत्या, म्हणून तेल घेऊन गेलो. पाय दाबू देईनात, पण गप्पांना बसल्या. मी नेहमीचं रडगाणं लावलं, मी महाराज नाही, मला नुसती धरायला दिली होती. म्हातारी म्हणाली, "भिकाजीबी असंच म्हने."

मला कळेना. मग तिने सांगितलं. तिचं लग्न होऊन ती नुकतीच गावात आली होती तेव्हा बोअर पाडायची गाडी आली होती. गाडी बिघडली. मालक सामान आणायला म्हणून गेला आणि त्याने भिकाजी नावाच्या आपल्या गड्याला सांगितलं, मी येईपर्यंत गाडीपाशी थांब. मालक आलाच नाही. गडी देवळाच्या ओसरीवर झोपायचा, सकाळी देऊळ झाडायचा, भजनात मागे बसायचा. मध्येच कधीतरी त्याने पाडून ठेवलेल्या कोरड्या बोअरला आपोआप पाणी आलं. झालं. लोक पाया पडू लागले.

"म्या माह्या कानानं आयकलं," सुभद्राबाई म्हणाल्या. "तो म्हने, माय, मी बोअरवाला आहो, महाराज नाई. मालक आला की चाललो. दोन-तीन सालं असंच म्हने. मंग म्हनाचं सोडलं."

"काऊन सोडलं?"

"कोन आयकते, बापू?"

मठात परतलो आणि भिंतीला टेकून बसलो. मला राग यायला हवा होता. फसलो असं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. मला फक्त त्यांचे गुडघे आठवले. कुणी चमत्काराचं बोललं की ते म्हणायचे, "मी कायचा देव? देवाचे गुडघे दुखतात का?" आपण सगळे हसायचो. ते खरं सांगत होते, दादा. पन्नासेक वर्षं खरं सांगत होते आणि आपण हसत होतो.

दुसरी गोष्ट रुख्मिणीची. तुझ्या शेताच्या बांधालगत जिचं शेत आहे ती. तिचा तरणा मुलगा मोटारीचा शॉक लागून गेला. तेव्हापासून चार घासही तिच्या पोटात गेले नव्हते. किसनराव तिला माझ्यासमोर घेऊन आले. मी काय करणार होतो? मला तर फ्यूज बदलता येतो. मी तिच्याजवळ खाली बसलो आणि माझ्या तोंडून निघालं, "माय, रडून घे. मी बसतो अठीच." बोलणं महाराजांचं, आवाजही जवळजवळ त्यांचाच. ती रडली. मी बसून राहिलो. ऊन ओसरीवरून अंगणात उतरेपर्यंत बसलो. उठताना तिने पाणी मागितलं आणि आईने दिलेली अर्धी भाकर खाल्ली.

मी नाटक केलं असं मला एक क्षणही वाटलं नाही. उलट इतके दिवस उगाच ओरडत होतो, असं वाटलं. मला ते आवडलं. हे मी फक्त तुलाच लिहितो आहे. पायलला सांगू शकत नाही. रोज नाही नाही म्हणणारा माणूस एक दिवस म्हणायचं सोडतो, ते कसं सोडतो हे मला त्या दुपारी समजलं. ढकलून कुणी बसवत नाही. बसल्या जागी ऊब यायला लागते.

लवकर ये. तू उशिरा आलास तर मी द्यायला तयार असेन की नाही, याची मला खात्री नाही.

हर्षल

५ फेब्रुवारी २०२५

दादा,

पायल आत्ता येऊन गेली. नैवेद्याच्या ताटाचं निमित्त काढून आली आणि ओढणीआडून म्हणाली, "दादा येतो म्हनते. काल्याले येतो. तुही समदी पत्रं वाचली म्हने." आणखी काही बोललास का विचारलं तर म्हणाली, "रडून राह्यला होता."

तू येतोस. बास. आता बाकी सगळं मी बघतो.

ऐक. सप्ताहाच्या पाळ्या यंदा मी लावल्या आहेत. काल्याच्या सकाळची पाळी माझी आहे आणि माझ्यानंतर तुझी. फळ्यावर नाव लिहिलं आहे, गोविंदा. किसनराव भुवया चढवून बघत होते, मी म्हटलं महाराजांचा जुना सेवक आहे, त्याला एक पहारा नको का? त्यांनी नाव पुसलं नाही. महाराजांच्या तोंडी लागायचं नसतं ना, त्याचा पहिल्यांदा फायदा झाला.

मागच्या वेळी महाराजांचा देह समोर होता, म्हणून त्यांनी तुझं मनगट धरलं आणि ते चालून गेलं. यंदा तसं नाही. पहारा संपला, पुढचा आला, की आधीच्याने द्यायची आणि पुढच्याने घ्यायची, हे मोडायची आपल्या गावात कुणाची छाती नाही. मी स्वतः गळ्यातून काढून तुझ्यासमोर धरेन. मग मी माईकवर एवढंच बोलेन, महाराज म्हणाले होते गोविंदा येईपर्यंत धर. गोविंदा आला. पुढे कुणाला काय मानायचं ते मानू दे. तुझ्या गळ्यात वीणा आणि मी मंडपाबाहेर.

पायलने दुकानाची किल्ली जपून ठेवली आहे. शटर गंजलं असेल, म्हणते. तेल घालून निघेल. माझं पेन आज थांबतच नाही, पण हरिपाठाची घंटा झाली.

गाडीची हवा तपासून नीघ.

तुझा
हर्षल

१५ फेब्रुवारी २०२५

गोविंदादादा,

तू माझ्या खोलीच्या दाराबाहेर बसला आहेस आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो आहेस, "आवाज नका करू, महाराज लिहून राह्यले." मी तुलाच लिहितो आहे. समोर बसून सांगायला गेलो की तू हात जोडतोस, म्हणून पुन्हा कागद.

परवा काय झालं ते तुला माहीत आहे, पण तुला जे झालं ते वेगळं आणि मला जे झालं ते वेगळं. तू मंडपात शिरलास तेव्हा मला महाराज गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर श्वास आला. तू वाळला होतास, भुवयांवर पीठ होतं असं मला उगाच वाटलं. मी वीणा गळ्यातून काढली. दोन्ही हातांनी तुझ्यासमोर धरली. किसनराव जागचे हलले नाहीत. सगळं मी ठरवलं होतं तसंच चाललं होतं. तू वहाणा काढल्यास, पुढे आलास आणि माझ्यासमोर आडवा पडलास.

मी म्हणालो, "ऊठ बे. घे." तू पायांशीच बोललास, "आपल्याच गळ्यात राहू द्या, महाराज."

मग मी माईकवर सांगितलं, ठरवलं होतं तेच. क्षणभर वाटलं, सुटलो. तू उठलास आणि माझ्या हातातून माईक घेतलास. रडत होतास. म्हणालास, "हे खरं आहे. महाराज माह्यासाठीच थांबले होते. मी पोचलो नाई. तो पंक्चर देवानंच केला, माह्या मनात गादीचा लोभ होता म्हनून. मी यायले चोर समजलो. अन् हे मले पत्रांवर पत्रं लिहून राह्यले, ये अन् घे, तुही आहे. कोन देते असं? सगेभाऊ बांधाच्या मातीसाठी भांडतात. ज्याले गादी सोडता येते, गादी त्याचीच." तुझ्यानंतर मंडपात जो गजर झाला तो फाट्यापर्यंत ऐकू गेला म्हणतात.

आणि मी वीणा पुढे धरून उभा होतो. हात भरून आले. घेणारा आला होता, माझ्यासमोर उभा होता आणि घेत नव्हता. महाराजांनी मला घेणारा आला नाही तर काय करायचं ते शिकवलं होतं. आलेल्याने घेतली नाही तर काय करायचं, हे त्यांनाही माहीत नसावं. मी ती परत गळ्यात घातली. दुपारी मला गादीवर बसवलं. ब्रह्मचर्याची शपथ घेताना माझ्या तोंडून शब्द स्पष्ट निघाले, हे मी नाकारत नाही.

सगळा गाव पाया पडला. पायल पडली नाही. रांगेतून आली, माझ्याकडे नीट बघितलं, आणि न वाकता पुढे गेली. तिच्या त्या ताठ पाठीचा मला अभिमान वाटला. काल तू म्हणालास, "पायलचं मनावर नका घेऊ. तिले मी समजावतो. ते पत्र मी जाळलं, बाकीची जपून ठेवली." माझ्या पत्रातली एकच गोष्ट तू सांगितल्याबरहुकूम केलीस.

बाकीची पत्रं तू किसनरावांना दिलीस. ते आज सकाळी आले होते. मेहकरच्या छापखान्यात त्यांची पुस्तिका छापायची आहे, पुढच्या पुण्यतिथीला घरोघर वाटायला. किटलीचा भाग त्यांना फार आवडला. सुभद्राबाईंचं बोअरचं गाळणार आहेत, म्हणाले, सामान्य माणसाचा गोंधळ होतो. म्हणजे भिकाजी महाराजांचं खरं पुन्हा एकदा त्यांच्यापाशीच राहिलं. हे पत्रही तू दिलंस तर तेही छापतील, आणि या ओळीपाशी लोक डोळे पुसतील.

म्हणून मी ठरवलं की असं काहीतरी लिहायचं जे त्यांना छापता येणार नाही. सकाळपासून तेच चाललं आहे. किसनरावांना शिव्या लिहिल्या. मग लक्षात आलं, ते म्हणतील महाराजांनी अहंकारावर कोरडे ओढले. तुला ढोंगी लिहिलं, तू ते कपाळाला लावशील. माझ्याबद्दल वाईट लिहिण्यात तर अर्थच नाही, ती सगळी नम्रता.

आता एकच वाक्य उरलं आहे. भिकाजी महाराज खोटे होते, त्यांनी मला जे शिकवलं ते सगळं फसवणूक होती. एवढं लिहिलं की संपलं. हे छापायची किसनरावांची हिंमत नाही. तू हे वाचलंस तर दार उघडून मला गचांडी धरून बाहेर काढशील, वीणा हिसकावून घेशील, आणि मला तेच हवं आहे. पायल अजून घरी आहे. मेहकरची बस दुपारी आहे. माझ्यात आणि फाट्यात एवढं एक वाक्य आहे, तेही मी वर लिहूनच टाकलंय, वाचून पाहिलं तर व्याकरणाला धरून आहे. फक्त खाली सही करायची.

सही करायला तीन वेळा पेन टेकवलं. मी भिकाजी महाराजांना ओळखतो, दादा. त्या दुपारी ते माझ्याशेजारी उभे होते. ते वाक्य मी आता खोडून काढतो आहे, इतकं की कागद फाटेल, म्हणजे तुला किंवा किसनरावांना ते कधीच वाचता येणार नाही. मग तू हे पत्र त्यांना खुशाल दे.